तीन वर्षं भरा आणि विसरा

गेल्या विकांताला आईने फर्मान काढलं, की माळ्यावरची पत्र्याची पेटी एकतर रिकामी करा नाहीतर भंगारवाल्याला देते. पेटी बाबांची. तीत १९९४ पासूनची विजेची बिलं, बंद झालेल्या बँक खात्यांची पासबुकं आणि माझी बालवाडीची प्रगतीपुस्तकं आहेत. बाबा कागद फेकत नाहीत, 'कधी लागेल सांगता येत नाही' म्हणतात. तर त्या पेटीत तळाशी एक जाडजूड, चकचकीत फोल्डर मिळालं. वर हसणारं कुटुंब, आत मार्च २००७ ची एक युलिप पॉलिसी. कंपनीचं नाव सांगत नाही, तेव्हा सगळ्याच साधारण हेच विकत होत्या.

मी तेव्हा दहा वर्षांचा असेन, पण ती पॉलिसी विकायला आलेले काका मला आठवतात. बाबांच्या ऑफिसातलेच, फावल्या वेळात एजन्सी करायचे. मार्च महिना, कर वाचवायची घाई, आईने केलेले पोहे, आणि काकांचं पेटंट वाक्य: "तीन वर्षं भरा आणि विसरा." वर्षाला पन्नास हजार. बाबांनी तीन वर्षं भरले आणि खरोखर विसरले. २०१३ मध्ये आठवण झाली तेव्हा जाऊन बंद केली. दीड लाख भरले होते, एक लाख त्रेपन्न हजार हातात आले.

"बुडाले तर नाहीत ना?" बाबा अजूनही म्हणतात.

सवयीप्रमाणे मी लॅपटॉप उघडला. पॉलिसीच्या मागच्या पानांवर, मुंगीच्या अक्षरांत एक तक्ता आहे. पहिल्या वर्षी हप्त्यातून ३० टक्के वजा, दुसऱ्या वर्षी १५, तिसऱ्या वर्षी ५. म्हणजे दीड लाखातले पंचवीस हजार कधी गुंतवलेच गेले नाहीत. उरलेल्यातून फंड सांभाळायचे पैसे, पॉलिसी सांभाळायचे पैसे, विम्याचे पैसे. हेच पन्नास-पन्नास हजार त्याच तारखांना ८ टक्क्यांच्या मुदत ठेवीत टाकले असते, तर २०१३ मध्ये (कर सोडून) दोन लाख वीस हजारांच्या आसपास झाले असते. मी आकडा बाबांना दाखवला नाही. आधी मला हे समजून घ्यायचं होतं की हे सगळं कायदेशीर कसं काय होतं? देशात सेबी आहे, इर्डा आहे, रिझर्व्ह बँक आहे. ही मंडळी तेव्हा काय करत होती?

उत्तर मजेशीर निघालं. ती एकमेकांशी भांडत होती! पण त्याआधी थोडं मागे जायला हवं.

आपल्याकडे विम्याच्या धंद्यात ग्राहकाला रास्त वागवावं ही मागणी नियामकांपेक्षा जुनी आहे. १८१८ मध्ये कलकत्त्यात ओरिएंटल नावाची कंपनी निघाली ती मुख्यतः साहेबलोकांसाठी. पुढेही परदेशी कंपन्या हिंदी माणसाचा विमा घ्यायच्याच नाहीत, घेतलाच तर जादा हप्ता लावायच्या. १८७० मध्ये बॉम्बे म्युच्युअल लाइफ अशुअरन्स सोसायटी निघाली आणि तिने हिंदी लोकांचा विमा नेहमीच्या दराने उतरवायला सुरुवात केली. कुठल्या सरकारी परिपत्रकाने नव्हे, एका प्रतिस्पर्धी संस्थेने हे केलं. मुंबईकरांनी कॉलर टाईट करायला हरकत नाही. :)

नंतर स्वदेशीच्या लाटेत विमा कंपन्यांचं पीक आलं, त्यातल्या बऱ्याच बुडाल्या. १९१२ चा कायदा तोकडा पडला आणि १९३८ चा विमा कायदा आला. हा कायदा वाचाच म्हणणार नाही, मीही सगळा वाचलेला नाही. पण त्यातली दोन कलमं मला फार आवडली. कलम ४५ प्रमाणे पॉलिसीला दोन वर्षं झाल्यावर 'तुम्ही अर्जात चुकीचं लिहिलं होतं' असं म्हणून कंपनीला दावा सहजासहजी नाकारता येत नसे. महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून फसवलं हे कंपनीने सिद्ध करायचं. २०१५ मध्ये ही मुदत तीन वर्षं झाली आणि त्यानंतर कुठलंच कारण चालणार नाही असं ठरलं. म्हणजे पुरावा मांडायची जबाबदारी बलवान बाजूवर. हे १९३८ साली लिहिलं गेलं, ह्याचं मला खरंच कौतुक वाटतं.

दुसरं कलम ४१. एजंटाने आपल्या कमिशनमधला वाटा ग्राहकाला द्यायचा नाही, ग्राहकाने घ्यायचा नाही. दोघेही गुन्हेगार. आता काकांनी पहिल्या हप्त्याच्या वेळी बाबांना दोन हजार रुपये 'आपल्यातच' म्हणून परत दिले होते, हे आमच्या घरात उघड गुपित आहे. म्हणजे आमचे बाबा, ज्यांनी आयुष्यात सिग्नल तोडला नाही, ते कायद्याने गुन्हेगार ठरतात. २०१५ पर्यंत ह्याला दंड होता पाचशे रुपयांपर्यंत. काय बोलणार!

पण १९३८ चा कायदा असूनही पुढे घोळ झालेच. मालक मंडळी विमेदारांचा पैसा आपल्याच दुसऱ्या उद्योगांत वळवत. डिसेंबर १९५५ मध्ये फिरोज गांधींनी लोकसभेत दालमियांच्या भारत इन्शुरन्सची लक्तरं काढली. पाठोपाठ १९ जानेवारी १९५६ ला वटहुकूम निघाला आणि अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी रेडिओवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. (त्याच वर्षी त्यांनी मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा दिला. तो आपल्याला शाळेपासून माहीत असतो, हे नसतं.) २४५ कंपन्या आणि सोसायट्या एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ ला एलआयसी झाली. ग्राहकाचं रक्षण करायचं तर मालकच बदलून टाका, असा तो उपाय. गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी एलआयसीने हरिदास मुंधडांच्या सहा कंपन्यांत १ कोटी २४ लाख गुंतवले, पुन्हा फिरोज गांधीच उठले, न्यायमूर्ती छागलांनी मुंबईत उघड चौकशी केली आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना जावं लागलं. सासरेबुवा पंतप्रधान आणि जावई असा! असो.

मधली चाळीसेक वर्षं सोडून देतो. १९९४ मध्ये मल्होत्रा समितीने विमा क्षेत्र खुलं करा म्हटलं, १९९९ मध्ये कायदा झाला, २००० मध्ये इर्डा सुरू झाली. शेअरबाजार आणि म्युच्युअल फंडांसाठी सेबी होतीच, १९९२ पासून कायद्याच्या दातांसकट. दोन नियामक, दोन शहरं: सेबी मुंबईत, इर्डा हैदराबादला. माझ्यासारख्या प्रोग्रॅमरला इथेच घंटा वाजायला हवी. दोन टीम, दोन मॉड्युलं, आणि मधला इंटरफेस कोणाचा हे कुठेच लिहिलेलं नाही.

युलिप नेमकी त्या फटीत जन्मली. (नाव जुनं. यूटीआयची युलिप १९७१ पासून होती. पण खासगी विमा कंपन्यांनी विकली ती वेगळी चीज.) थोडा विमा, बाकी सगळी शेअरबाजारात किंवा रोख्यांत गुंतवणूक, रोज एनएव्ही. दिसायला म्युच्युअल फंड, कागदावर विमा. आणि कमिशनचे नियम विम्याचे. कायद्यात पहिल्या वर्षीच्या कमिशनची मर्यादा ३५ टक्के, आणि नव्या कंपन्यांना पहिली दहा वर्षं ४० टक्के होती. ही सवलत साध्या विम्यासाठी होती. दारोदार फिरून, 'मेल्यानंतरचं कशाला बोलता' असं ऐकून घेत पॉलिसी विकणाऱ्या एजंटासाठी. ती चढत्या बाजारात गुंतवणूक विकणाऱ्याला आयती मिळाली. २००५ ते २००८ सेन्सेक्स धावत होता, आणि तीन वर्षांचा लॉक-इन हीच विक्रीची ओळ झाली. खरं तर जबर शुल्क कापलेली पॉलिसी तीन वर्षांत सोडणं म्हणजे ग्राहकाचं सर्वांत जास्त नुकसान. पण काकांना तीन वर्षांनंतर दुसरी पॉलिसी विकायची असे!

म्युच्युअल फंडवाले काही धुतल्या तांदळाचे होते अशातला भाग नाही. तिथेही 'दहा रुपयांत युनिट, स्वस्त आहे' म्हणून नवे नवे फंड काढून खपवायचा सुकाळ होता. नव्या फंडाचा ६ टक्क्यांपर्यंतचा खर्च गुंतवणूकदारांच्या माथी मारता येई. सेबीने २००६ मध्ये ओपन-एंडेड फंडांना ते बंद केलं. जानेवारी २००८ मध्ये थेट अर्ज करणाऱ्याला एंट्री लोड माफ केला. आणि मग १ ऑगस्ट २००९ पासून एंट्री लोड, म्हणजे ते सव्वादोन टक्के, सगळ्यांसाठीच रद्द. तेव्हा सेबीचे अध्यक्ष होते चंद्रशेखर भावे. वितरकाचं कमिशन ग्राहकाने त्याच्याशी बोलून, वेगळा चेक लिहून द्यावं, अशी कल्पना. आता तुम्हीच सांगा, कोण देणार वेगळा चेक?

इथे मला सेबीबद्दल आदर वाटतो आणि थोडं हसूही येतं. पॅच बरोबर होता, पण अर्ध्याच सिस्टिमवर टाकला. एका दुकानात कमिशन शून्य, शेजारच्या दुकानात ४० टक्क्यांपर्यंत, आणि दोन्ही दुकानांत विक्रेता एकच. पुढे काय झालं हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. बँकेत फंड विचारायला गेलेला माणूस युलिप घेऊन बाहेर पडू लागला. त्याच वर्षी डी. स्वरूप समितीने म्हटलं की सगळीकडचंच आगाऊ कमिशन एप्रिल २०११ पर्यंत शून्यावर आणा. एजंटांच्या पोटावर पाय म्हणून त्यावर प्रचंड गदारोळ झाला आणि अहवाल बासनात गेला.

मग आला एप्रिल २०१०. शुक्रवार, ९ तारीख. सेबीने आदेश काढला की १४ खासगी विमा कंपन्या युलिप विकतात, त्यातला गुंतवणुकीचा भाग हा म्युच्युअल फंडच आहे, तेव्हा आमच्या नोंदणीशिवाय विकता येणार नाही. (एलआयसी त्या १४ मध्ये नव्हती.) शनिवारी १० तारखेला इर्डाचे अध्यक्ष जे. हरि नारायण ह्यांनी विमा कायद्याच्या कलम ३४ खाली उलटा आदेश दिला की सेबीकडे दुर्लक्ष करा, धंदा चालू ठेवा. एकाच सरकारच्या दोन संस्था, चोवीस तासांत, त्याच कंपन्यांना, बरोबर विरुद्ध हुकूम! सोमवारी अर्थमंत्री प्रणव मुखर्जींनी दोघांना बसवलं आणि ठरलं की कोर्टात जाऊन निकाल घ्या, तोवर जैसे थे. मंगळवारी सेबीने म्हटलं, जुन्या पॉलिसी चालू द्या पण ९ एप्रिलनंतरच्या नव्या युलिपला आमची नोंदणी लागेल. म्हणजे पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मी तेव्हाच्या बातम्या वाचत बसलो होतो, रात्री दीडपर्यंत. जवळजवळ प्रत्येक बातमीत 'अधिकारक्षेत्र' हा शब्द आहे. कोण मोठा, कोणाचा कायदा आधीचा, कोणाची नोंदणी. बाबांचे पंचवीस हजार कुठे गेले, हा प्रश्न मला एका-दोनच ठिकाणी भेटला. आणि तरीही त्या भांडणाचा फायदा शेवटी ग्राहकालाच झाला. तो कसा, ते बघा.

कोर्टाचा निकाल लागलाच नाही. १८ जून २०१० ला सरकारने वटहुकूम काढून युलिप म्हणजे विमाच असं ठरवून टाकलं. सेबी हरली. वर नियामकांच्या भांडणासाठी अर्थमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली, ज्यावर रिझर्व्ह बँकही नाराज झाली, कारण भांडणात नसताना तीही त्या समितीखाली आली. पण खटला जिंकलेल्या इर्डाला आता सगळा देश बघत होता. 'ग्राहकाचं हित आम्ही पाहतो' असं इतक्या मोठ्याने सांगितल्यावर काहीतरी करून दाखवणं भाग होतं. १ सप्टेंबर २०१० पासून युलिपचे नियम बदलले. लॉक-इन तीनऐवजी पाच वर्षं. पहिल्या वर्षी लुटायचं शुल्क पाच वर्षांत समान पसरायचं. एकूण शुल्काने परतावा किती कमी होऊ शकतो ह्याला मर्यादा. मध्येच सोडली तर दंड जास्तीत जास्त सहा हजार, तोही पहिल्या वर्षी, पुढे उतरता. विमा तरुण ग्राहकाला निदान वार्षिक हप्त्याच्या दहा पट. हरलेल्या सेबीने जे मागितलं असतं, त्यातलं बरंचसं जिंकलेल्या इर्डाने दिलं.

गोष्ट इथे संपली असती तर छान झालं असतं. पण १ जुलै २०१० ला आणखी एक नियम आला होता: युलिप विकताना आपलं कमिशन किती ते एजंटाने ग्राहकाला सांगायचं. त्याच काळात संतोष अनागोल, शॉन कोल आणि शायक सरकार ह्या संशोधकांनी विमा एजंटांकडे खोटे ग्राहक पाठवून बघितलं. निष्कर्ष असा, की कमिशन सांगायची सक्ती आल्यावर एजंटांनी युलिप सुचवणंच कमी केलं. आणि सुचवलं काय? ज्याचं कमिशन सांगायची सक्ती नव्हती ते पारंपरिक विमे, जिथे कमिशन तितकंच घसघशीत! पाणी जिथे बांध नाही तिथून जातं. मोनिका हलन, रेणुका साने आणि सुसान थॉमस ह्यांचा २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे की २००४-०५ ते २०११-१२ ह्या काळात चुकीच्या विक्रीमुळे आयुर्विमा ग्राहकांनी सुमारे दीड लाख कोटी रुपये गमावले. आमच्या पेटीतला आकडा त्या ढिगातला एक कण.

ह्याच सुमारास ब्रिटनमध्ये काय चाललं होतं ते थोडक्यात सांगतो, कारण फरक महत्त्वाचा आहे. तिथे बँका कर्जाबरोबर हप्ते-संरक्षणाचा विमा गळ्यात मारत, ज्याला ते पीपीआय म्हणतात. नोकरी गेली तर विमा हप्ता भरेल, अशी हमी. तो स्वतःचा धंदा असलेल्यांनाही विकला, ज्यांना अनेकदा दावाच करता येणार नव्हता. २००५ मध्ये सिटिझन्स ॲडव्हाइस ह्या संस्थेने तक्रार केली. तिथल्या नियामकाने, एफएसएने, 'ग्राहकाला रास्त वागवा' हे तत्त्व म्हणूनच लिहून ठेवलं होतं, २००६ मध्ये त्याची सहा फलितंही सांगितली होती. २०१० मध्ये तो म्हणाला, जुन्या तक्रारी ह्या तत्त्वावर तपासा आणि पैसे परत करा. बँका कोर्टात गेल्या. त्यांचा युक्तिवाद मला ओळखीचा वाटला: आम्ही तुमचे बारीकसारीक नियम पाळलेत, मग वरचं मोघम तत्त्व दाखवून आता पैसे कसे मागता? म्हणजे 'टेस्ट केसेस पास आहेत, मग बग कसा?' एप्रिल २०११ मध्ये कोर्टाने हे फेटाळलं. नियम तत्त्वाच्या पोटात असतात, तत्त्वाला गिळत नाहीत. २९ ऑगस्ट २०१९ ही दाव्यांची शेवटची तारीख होती, आणि एकूण परतफेड गेली सुमारे ३८ अब्ज पौंडांवर.

आपल्याकडे नियम पुढच्या ग्राहकासाठी बदलले. मागच्याला कोणी काही परत केलं नाही. बाबांची पॉलिसी २००७ ची, म्हणजे सप्टेंबर २०१० च्या सुधारणा त्यांना लागूच नव्हत्या. सगळे व्हर्जन अपडेट नव्या इन्स्टॉलेशनसाठी, जुना युजर आपला जुन्या बगसकट बसलेला. मला ह्या सगळ्यात खुपतं ते हे.

नंतर बरंच झालं. १ जानेवारी २०१३ पासून फंडांचे डायरेक्ट प्लॅन आले (आपण सगळे ॲपवरून जे घेतो ते हेच). त्याच वर्षी न्यायमूर्ती श्रीकृष्णांच्या आयोगाने म्हटलं की ग्राहक-संरक्षणाचे नियम सगळ्या वित्तीय धंद्यांना एकच हवेत, मग तो विमा असो वा फंड. तो कायदा झालाच नाही. २०१८ मध्ये सेबीने फंडांतलं आगाऊ कमिशन बंद केलं. विम्यात मात्र १ एप्रिल २०२३ पासून वेगळाच रस्ता धरला: कमिशनवरच्या स्वतंत्र मर्यादा काढल्या, कंपनीने एकूण खर्चाच्या मर्यादेत राहावं, आत कोणाला किती द्यायचं ते तिचं तिने बघावं. दुसऱ्या बाजूने २०२४ मध्ये पॉलिसी परत करायची मुदत पंधराचे तीस दिवस केली, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून पारंपरिक पॉलिसी एका वर्षानंतर सोडली तरी काहीतरी सरेंडर रक्कम देणं भाग पाडलं. एका हाताने ढील, एका हाताने खेच. पतंग कुठे जातो ते बघायचं.

पंधरा दिवसांत पॉलिसी परत करायचा हक्क बाबांनाही होता. २००२ पासूनच होता. ते पान त्या चकचकीत फोल्डरमध्ये आहे, दोन स्टेपलच्या मध्ये, कोऱ्या करकरीत घडीसकट. कोणी उघडलेलंच नव्हतं. रविवारी संध्याकाळी चहा पिताना मी बाबांना ते दाखवलं आणि शेवटी तो दोन लाख वीस हजारांचा आकडाही सांगितला. बाबा बराच वेळ तक्ता वाचत बसले, चष्मा वरखाली करत.

मग म्हणाले, "त्याच्या मुलीचं लग्न होतं रे त्या वर्षी."

आणि फोल्डर परत पेटीत ठेवलं. पेटी अजून माळ्यावरच आहे, आईला सांगू नका.